मीठ कुठाय?

बाई,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमची साडी आठवावी लागते. फिकट, कडक खळीची, आणि पदराला कायम काहीतरी लागलेलं, कधी शाई, कधी ग्रीस, एकदा तर चक्क शेंदूर. मग हात आठवतात आणि हातांच्या मागून चेहरा येतो. आवाज मात्र नीट आठवत नाही, कारण तुम्ही बोलायचातच कमी. विज्ञान आणि कार्यानुभव हे दोन्ही विषय तुमच्याकडे होते. बाकीच्या बाई घसा बसेपर्यंत शिकवायच्या. तुम्ही आम्ही केलेली वस्तू हातात घ्यायचात, उलटीपालटी करायचात आणि विचारायचात, "चालतं का?" चालत नसेल तर परत द्यायचात. चालत असेल तरी परतच द्यायचात, फक्त जरा हळू. त्या हळूपणावर आम्ही आठवडाभर खूश असायचो.

आज लिहायला बसले त्याला कारण माझी लेक. आठवीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाली आहे. गेलं वर्षभर तिच्यावरून आमच्या घरात जे चाललं होतं ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं तर लोक क्लासचा नंबर देतात, नाहीतर समुपदेशकाचा. तुम्ही दोन्ही दिलं नसतंत.

पण सुरुवात तुमच्या खंडेनवमीपासून करायला हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी माणूस ज्याच्यावर पोट भरतो ती वस्तू धुऊन पुसून मांडायची, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं आणि त्या दिवशी तिला काम सांगायचं नाही, हे पनवेलमध्ये घरोघरी होतंच. तुम्ही ते प्रयोगशाळेत आणलंत. आठवीतल्या प्रत्येकाने घरातलं एक जादाचं हत्यार आणायचं. ते घरातल्या कुणाच्या तरी वापरातलं असलं पाहिजे, एवढंच. लांबलचक टेबलावर गवंड्याचा ओळंबा, शिंप्याची कात्री, वैद्यांचा खल, गॅरेजवाल्याचे पाने शेजारी शेजारी बसायचे. एकाचे वडील कुवेतहून सुट्टीवर आले होते, त्याने त्यांचा वेल्डिंगचा काळा चष्मा आणला होता आणि पूजेआधी तो सगळ्यांनी घालून पाहिला. खडीसाखर वाटून झाली की तुम्ही चिठ्ठ्या काढून प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचंच हत्यार ठेवायचात. ज्याचं हत्यार त्याच्या घरी जाऊन ते चालवायला शिकायचं, त्या हत्याराने एक काम पुरं करायचं आणि त्या घरच्यांनी ते पसंत केलं की मगच हत्यार परत. पुरं झाल्याशिवाय परत नाही, हा तुमचा नियम होता.

माझे वडील कचेरीत कारकून. त्यांचं हत्यार म्हणजे पेन, आणि ते त्यांनी देवाला दिलं असतं पण मला नाही. म्हणून मी आईची जुनी विळी नेली, खोबरं खवायच्या दात्र्यांसकट, फडक्यात गुंडाळून. सगळा वर्ग हसला. तुम्ही पात्यावरून अंगठा आडवा फिरवलात आणि विचारलंत, "धार कोण लावतं?" मला माहीत नव्हतं. आईच लावायची, मागच्या दाराच्या दगडी उंबऱ्यावर, हे मला त्या संध्याकाळी कळलं. तोपर्यंत मला वाटायचं की विळी जन्मतःच धारदार असते.

ती विळी गेली खाडीकडच्या गावातून येणाऱ्या एका मुलाकडे. त्याच्या घरचं मिठागर होतं. आणि त्यांचं मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं आलं माझ्याकडे, माझ्यापेक्षा हातभर उंच. अजून दिसतं मला, तो मुलगा शाळा सुटल्यावर आमच्या स्वयंपाकघरात येतो, विळीवर एक पाय दुमडून बसतो, आणि आई पोळ्या लाटता लाटता ओरडते, "बोटं वर घे रे, नाहीतर नारळाच्या दुधात तुझंच रक्त येईल." तो म्हणतो, "काकी, आमच्या घरात पन हाय विळी. पन मना कोन बसूच देत नाय." दिवाळीच्या आधी त्याने अख्खा नारळ एकट्याने खवला, करवंटीचं काळं खाली पडू न देता, आणि आईने त्या खोबऱ्याच्या करंज्या केल्या. विळी परत आली. आमच्या वर्गातली बहुतेक हत्यारं दिवाळीपर्यंत परत गेली होती.

माझं मात्र अडलं. ऑक्टोबरात मीठ कुठलं? पाऊस नुकता सरलेला, मिठागरात नुसता चिखल. त्या मुलाचे वडील बांध दुरुस्त करत होते. मला म्हणाले, "मीठ काय बोलावून येत नाय, पोरी. आदी जमीन तुडवावी लागतंय, मंग पानी, मंग ऊन." मी दर रविवारी जाऊन त्यांच्या घरच्या बायकांबरोबर चिखल तुडवला. कंटाळा आला. मग मी हुशारी केली. वाचनालयातून पुस्तक आणून बाष्पीभवन, संपृक्त द्रावण, स्फटिकांचा आकार असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहून, आकृत्या रंगवून तुमच्यापुढे ठेवलं. म्हटलं, बाई, मला सगळं समजलं, आता फावडं परत देऊ? तुम्ही पान न पान वाचलंत. एक चूक सुधारलीत. मग वही मिटून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "छान आहे. मीठ कुठाय?"

मी रडकुंडीला आले. म्हटलं, मीठ मार्चशिवाय होत नाही. तुम्ही म्हणालात, "मग थांब." बाकीचे मोकळे झाले आणि मी ते फावडं दाराआड उभं करून शिमग्यापर्यंत थांबले. आल्यागेल्याला आई सांगायची, "बाईंनी दिलंय." मार्चच्या उन्हात एक दिवस पाण्यावर साय धरावी तसा पापुद्रा धरला. मी फावडं ओढलं. पहिल्या ओढीला मिठाबरोबर चिखलही आला, दुसऱ्या वेळी कमी, आणि संध्याकाळी बांधावर माझा असा एक छोटा करडा ढीग होता. त्यातलं मूठभर मी तुम्हाला आणून दिलं. तुम्ही टेबलाच्या खणातून पेरू काढलात, चाकूने फोडी केल्यात, माझं मीठ बोटांनी चुरून वर टाकलंत आणि सगळ्या वर्गाला वाटलंत. दातात वाळू कचकचत होती. तुम्ही तुमची फोड सावकाश संपवलीत आणि म्हणालात, "चालतं." बाई, मला पुढे पदवी मिळाली, नोकरी मिळाली, कारखान्यात कौतुकही झालं, पण त्या पेरवाएवढा आनंद मला कशाचा झाल्याचं आठवत नाही.

त्या मिठाने पुढे माझी नोकरीही राखली. मी तळोज्याला रसायनांच्या एका कारखान्यात उपकरणं सांभाळते. टाक्यांमधली पातळी, दाब, तापमान दाखवणारी मीटरं म्हणजे माझं खातं. मी नवीन असताना खाऱ्या पाण्याची एक टाकी सारखी भरलेली दाखवायची आणि आत निम्मी रिकामी. आम्ही मीटर बदललं, वायर बदलली, पंपवाल्यांशी भांडलो. मग मला मिठागरात पाण्यात उभ्या असलेल्या फळीची आठवण झाली. खारं पाणी खाली असतं, पण मीठ लाकडाला धरून वर वर चढत जातं. मी झाकण उघडायला लावलं. मोजणाऱ्या दोन सळयांच्या मधे मीठ चढून पूल झाला होता, आणि मीटर बिचारं त्यालाच पाणी समजत होतं. तेव्हापासून कारखान्यात कुठलंही त्रांगडं झालं की मला बोलावतात. प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायची मला परवानगी आहे, आणि मी ती भरपूर वापरते.

आता लेकीचं. ही मुलगी जन्मली तेव्हाच मी ठरवलं होतं की हिला एका खुंटीला बांधायचं नाही. आकाशदर्शनाला नेलं, मातीकामाच्या शिबिराला नेलं, रोबोटच्या वर्गाला घातलं, पक्षी दाखवायला कर्नाळ्याला पहाटे उठवून नेलं. तिला सगळंच आवडलं. आमच्या करंजाडेच्या फ्लॅटच्या बाल्कनीत येऊन बघायला हवं होतंत तुम्ही. पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण, भिंगाशिवाय. पंख्याची मोटर, उघडलेली. मातीचा घोडा, तीन पायांचा. शेवाळाची बरणी, जिला आता वास येतो. सासूबाई तिथे तुळशीला पाणी घालायला जातात आणि प्रत्येक वेळी परत येताना म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

मी तिकडे दुर्लक्ष केलं असतं, पण नवऱ्याने विषय काढला तेव्हा करता येईना. त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं आठवीपासूनच प्रवेश परीक्षेच्या फाउंडेशन बॅचला जातात. गणित, भौतिक, रसायन, रोज संध्याकाळी आणि रविवारी परीक्षा. बाकी सगळं बंद. नववीची बॅच एप्रिलात सुरू होणार होती. तो काही दुष्ट बाप नाही, बाई. तो कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहितो, उत्तम लिहितो. मला म्हणाला, "मला एकच गोष्ट येते. पण ती नीट येते, म्हणून आपण उभे आहोत. हिला दहा गोष्टी येतात, त्यातली एकही नीट नाही. उद्या हिला कोण दारात उभं करणार?" मी ताडकन म्हणाले, "आमच्या बाई म्हणायच्या, मुलांना आधी घराच्या सगळ्या खिडक्या उघडून दाखवाव्यात. कुठल्या खिडकीत बसायचं ते त्यांचं ती ठरवतील." तो म्हणाला, "तुझ्या बाईंच्या वेळी जगात एवढी गर्दी नव्हती."

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. मुलीने बाल्कनीत एकही गोष्ट पुरी केली नव्हती. मी तिला खिडक्याच खिडक्या दाखवल्या होत्या, आणि प्रत्येक शिबिराच्या शेवटी प्रमाणपत्र घेऊन, फोटो काढून आम्ही पुढच्या खिडकीकडे पळालो होतो. चिखल कुणी तुडवलाच नव्हता. तुमचं मी अर्धंच उचललं होतं, सोपं अर्धं.

म्हणून गेल्या नवरात्रात मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की आठवी-नववीच्या मुलांसाठी खंडेनवमीला हत्यारांची अदलाबदल करू या, प्रत्येकाने घरून एक हत्यार आणावं. अंगठेच अंगठे आले. पूजेच्या दिवशी क्लबहाउसमध्ये गेले तर टेबलावर काय होतं माहीत आहे? चकाचक नवीन स्क्रूड्रायव्हरचे संच, नवीन ड्रिल, रोबोटचा खोका, एक सूक्ष्मदर्शक, सगळं आदल्या दिवशी घरपोच मागवलेलं आणि सगळं प्लास्टिकच्या वेष्टनात. पालकांनी हौसेने आणलं होतं, मुलांच्या पूजेला जुनं कसं द्यायचं म्हणून. कुंकू लावायला गेले तर प्लास्टिकवर टिकेना. एका वडिलांनी वेष्टन काढू नका म्हणून सांगितलं, वॉरंटी जाईल. मी विचारलं, ह्यातलं काय कुणाला चालवता येतं? सगळे एकमेकांकडे बघून हसले. चूक त्यांची नव्हती. वापरातलं हवं, हे लिहायला मीच विसरले होते, कारण आमच्या काळी घरात दुसरं काही नसायचंच.

मग सगळ्यांना परत घरी पाठवलं. तासाभराने खरी हत्यारं आली. कुणाच्या आईचं रक्तदाब मोजायचं यंत्र, कुणाच्या बाबांची केस कापायची कात्री, एकाने पप्पांचा लॅपटॉप आणला आणि पप्पा मागोमाग धावत तो न्यायला आले. सासूबाईंनी गोधडीला टाके घालायची जाड सुई दिली. तिसऱ्या मजल्यावरचे चाचा, जे आयुष्यभर आखातात कोल्ड स्टोरेजची कामं करून आता घरी परतलेत, त्यांनी लांब तारेच्या टोकाला काडी असलेलं थर्मामीटर दिलं. म्हणाले, "आमच्यात पूजा नाय होत, पन फूल ठेवा, हरकत नाय. चाळीस साल की नौकरी में यही तो साथ था." चिठ्ठीत ते थर्मामीटर आलं माझ्या लेकीकडे, आणि सासूबाईंची सुई गेली चाचांच्या नातीकडे. मी सगळ्यांना सांगितलं, पुरं झाल्याशिवाय परत नाही.

पहिले काही दिवस लेकीने दिसेल त्याचं तापमान घेतलं. चहा, आजीचे तळपाय, फ्रिजचा प्रत्येक कप्पा. फ्रिजच्या दारात सर्वांत कमी थंड असतं हे तिला कळलं, आणि तिथेच आजीचं इन्सुलिन ठेवलेलं होतं. ते तिने आत हलवलं आणि मला वाटलं, संपलं, आता ही पुढच्या खिडकीकडे पळणार. तेवढ्यात रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली आणि आमच्याकडे सकाळी गेलेली वीज संध्याकाळ झाली तरी येईना. फ्रिज कोमट. सासूबाईंच्या महिन्याभराच्या बाटल्या आत. त्या एरवी कशाला घाबरत नाहीत, पण त्या दिवशी दर थोड्या वेळाने फ्रिजच्या दाराला हात लावून बघत होत्या. शेवटी नवऱ्याने स्कूटरवरून बाटल्या गावातल्या मित्राकडे पोचवल्या. रात्री जेवताना लेक म्हणाली, "मी आजीसाठी विजेशिवाय चालणारी थंड पेटी करते." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत घोड्याचा चौथा पाय होता.

तिने व्हिडिओ बघून मडक्यात मडकं ठेवलं, मधे ओली वाळू भरली, वर ओलं फडकं. व्हिडिओतल्या माणसाच्या भाज्या त्यात टवटवीत राहिल्या होत्या. हिचं थर्मामीटर जेमतेम हललं. ती चिडून चाचांकडे गेली. ते म्हणाले, "बेटा, थंडी आत येत नाय कधी. गरमी बाहेर जाते. ह्या मडक्याची गरमी पानी घेऊन जातं, पन जानार कुठं? आपल्या पनवेलची हवा आधीच पानी पिऊन बसलीय." इथे घाम का सुकत नाही, हे त्या दिवशी तिला कळलं आणि तिने भूगोलाचं पुस्तक आपणहून काढलं. ते दृश्य मी जरा वेळ दारातच उभी राहून बघितलं.

मग मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, बर्फात मीठ घाल, मिठाचं मला विचार. मडकं सोडून थर्मोकोलचं खोकं घेतलं, बर्फात मीठ घातलं, पेटी गारेगार झाली, मी मिठागरापासूनचा सगळा इतिहास तिला ऐकवला. नशिबाने आत ठेवलेल्या औषधाच्या जुन्या बाटलीत नुसतं पाणी भरलेलं होतं, कारण ते तासाभरात गोठलं. चाचांनी ती बाटली हलवून बघितली. "औषध असतं तर गेलं होतं. इन्सुलिन जमलं की खलास." बाई, तुम्ही असतात तर त्या बाटलीकडे बघून मला काय विचारलं असतंत ते मला माहीत आहे.

पुढचं सगळं मी लांबून बघितलं. बर्फ आणि बाटल्या यांच्या मधे काहीतरी हवं होतं, थंडी अंगावर येऊ न देणारं. चाचांची नात रोज दुपारी आमच्याकडे येऊन सासूबाईंकडून टाके शिकत होती. तिने आणि लेकीने मिळून जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या थरावर थर घालून पेटीला आतून बसेल अशी गोधडी शिवली. सासूबाई शिवताना म्हणायच्या, "टाका जवळ घाल गं, हवा जाईल," आणि मी स्वयंपाकघरात डाळ ढवळत ऐकत राहायचे. मग लेक बापाकडे गेली. आतलं तापमान मर्यादेच्या वर गेलं किंवा खाली गेलं तर पेटीने ओरडायला हवं होतं, आणि रोबोटच्या वर्गातल्या सर्किटवर तिचा प्रोग्राम चालत नव्हता. तो म्हणाला, "मी लिहून देतो." ती म्हणाली, "लिहून नको, शिकव." तो बराच वेळ तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता. मी त्याला बऱ्याच वर्षांत असं जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं.

पेटी काही एका झटक्यात झाली नाही. तार सैल झाली की ती उगाच ओरडायची, एकदा पाहुण्यांसमोर, एकदा आजीच्या पोथीच्या मधे. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ज्यांची हत्यारं परत गेली होती ती मुलं हिला चिडवायला लागली. ती मला म्हणाली, "आई, असंच देऊन टाकू का चाचांना? तसं समजलंय मला सगळं." तुमची आठवण इतकी झाली. मी मान न वळवता म्हणाले, "मग थांब की थोडी." फेब्रुवारीच्या शेवटी तिने आपणच मेन स्विच बंद केला आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आत पाण्याच्या बाटल्या ठेवून दर तासाला आकडा लिहिला. पेटी ओरडली नाही. चाचांनी चष्मा लावून सगळे आकडे बघितले, पेटीत हात घातला आणि म्हणाले, "हां. आता दे माझं थर्मामीटर." तिने ते दिलं. लहान मुलासारखी नाचेल असं वाटलं होतं, पण ती नुसती उभी राहिली, जरा सरळ.

तरीही एप्रिल यायचाच होता. नवऱ्याने क्लासमध्ये वेळ घेऊन ठेवली होती आणि मी अडवलं नाही, कारण लेकच म्हणाली, "जाऊ या. बर्फ किती तास पुरेल हे मला आधी काढता यायला हवं होतं. मी नुसते आकडे लिहीत बसले. मला गणित नीट यायला हवंय." बाई, हे वाक्य मी चहा गाळताना ऐकलं आणि चहा ओट्यावर सांडला. मी वर्षभर रुंदी विरुद्ध खोली असं भांडत होते, आणि ती रुंदीतून चालत चालत आपल्या पायांनी खोलीच्या काठावर येऊन उभी होती.

क्लासचे सर भले गृहस्थ होते. त्यांनी तिला पेटीबद्दल बोलू दिलं, कौतुकही केलं. मग म्हणाले, "पण बेटा, आता चार वर्षं हे सगळं बाजूला ठेवायचं. लक्ष एका जागी हवं. तुझी ही पेटी नक्की कुठल्या विषयात बसते? भौतिकशास्त्र? जीवशास्त्र? की शिवणकाम?" लेक क्षणभर विचार करून शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या बाई म्हणायच्या, बिघाड काही विषय बघून होत नाही." सर हसले. नवरा हसला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला.

परत येताना लेक मैत्रिणीकडे उतरली. आम्ही दोघंच होतो. करंजाडेच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवरा म्हणाला, "बॅच नको. गावात ते रिटायर झालेले गणिताचे सर घरी शिकवतात ना, त्यांच्याकडे पाठवू. आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस तिचे. पण एक, बाल्कनीतलं जे आहे ते पुरं करायचं, नाहीतर टाकायचं." मी म्हटलं, बरं. भीती पुरती गेली आहे असं नाही म्हणणार मी. जगात गर्दी आहेच. पण एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात तार धरलेलं पोर त्या गर्दीत हरवणार नाही असं मला आता वाटतं, आणि हे मी आशेने म्हणतेय, समजूत म्हणून नाही. काल तिने घोड्याला चौथा पाय लावला. तो जरा लंगडतो.

सिग्नल सुटायच्या आधी नवऱ्याने विचारलं होतं, "तुझ्या बाई खरंच असं म्हणायच्या? बिघाड विषय बघून होत नाही?"

आता तुम्हाला सांगून टाकते. खिडक्यांचं ते वाक्य तुमचं नव्हतं, ते मी भांडणाच्या भरात रचलं. गेली कित्येक वर्षं मी कारखान्यात, घरात, सोसायटीत तुमच्या नावावर मनाला येईल ते खपवत आले आहे, कारण तुमचं नाव घेतलं की माझा आवाज स्थिर होतो. आणि बिघाडाचं वाक्य तर माझंसुद्धा नाही. ते मी त्या दिवशी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही तिच्या जन्माआधी गेलात, ती तुम्हाला "आमच्या बाई" म्हणाली, आणि आता तीही तुमच्या नावावर बोलायला लागली आहे. म्हणून हे पत्र मी कुणाच्या हाती लागू देणार नाही, नाहीतर आम्ही दोघी उघड्या पडू.

नवऱ्याला मी म्हणाले, "हो. नेहमी म्हणायच्या."